धर्मादाय खातं

माझे आजोबा (आम्ही त्यांना आबा म्हणायचो) अमळनेरात कापसाच्या एका आडत पेढीवर मुनीम होते. विधानसभेची निवडणूक लागली की शेठ गादीवरून म्हणत, "अमक्याला पाचशे द्या, तमक्यालाही द्या." अमका नि तमका एकमेकांविरुद्ध उभे! आबा लेखणी थांबवून विचारत, "शेठजी, नावे कुठं टाकू?" पैसा गेला तर कुठल्या तरी खात्यावर पडायलाच हवा. शेठचं उत्तर ठरलेलं: "धर्मादाय." म्हणजे गोशाळेचा चारा, पाणपोई आणि आमदार एकाच पानावर. आजी हे ऐकून विचारायची, "हाऊ धरम शे का धंदा?"

आबा म्हणत, पूर्वी इतकं झाकावं लागत नव्हतं. 1937 च्या मुंबई विधानसभेत 175 पैकी 7 जागा व्यापार-उद्योगाच्या आणि 7 कामगारांच्या, कायद्यानंच राखलेल्या. हितसंबंध आपलं नाव सांगून खुर्चीवर बसत. पुढं खुर्च्या गेल्या, पैसा राहिला. 1957 मध्ये आबांचा प्रश्न मुंबई हायकोर्टातही पोचला: राजकीय पक्षांना देणगी देता यावी म्हणून टाटांच्या पोलाद कंपनीला आपल्या उद्देशांत बदल हवा होता. न्यायमूर्ती छागलांनी तो करू दिला, पण यात लोकशाहीला धोका आहे असंही बजावलं. 1969 मध्ये कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आली. आमच्या शेठची पेढी भागीदारीतली, तिला ती लागूच नव्हती. तरी धर्मादायातून आमदार गळाले आणि आबांच्या हाती कच्ची वही आली.

शेठ दोघांनाही का देत, हे आबांना खरं कळलं ते 1972 मध्ये. कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि शेतकऱ्याचा कापूस सरकारशिवाय कुणी घ्यायचा नाही असं ठरलं. मुंबईत हात वर झाले आणि अमळनेरात आमची आडत बसली. घरातच दोन तट पडले. आबांचे धाकटे भाऊ शेती करायचे. त्यांना हमीभाव मिळाला, काटा मारणारा आडत्या टळला. ते खुशीत, आबा बेकार होण्याच्या बेतात. (काट्याबद्दल आबा कधीच काही बोलले नाहीत.) शेठची एक जिनिंगही होती. आता तिला सरकारी कापसाची सरकी काढायला मिळाली तरच पट्टा फिरणार. खरेदी केंद्र कुठं उघडणार, गाड्या कुणाच्या आवारात उतरणार, हे ज्याच्या शब्दावर ठरेल त्याच्यासाठी कच्च्या वहीचं पान उघडलं जाई. सरकारी चुकारे रखडले आणि बाहेर भाव चढला की त्याच गाड्या रातोरात मध्य प्रदेशाकडे निघत. 2002 मध्ये खासगी खरेदी पुन्हा खुली झाली, तेव्हा पेढीवर ना शेठ होते ना आबा.

15 फेब्रुवारी 2024 ला सुप्रीम कोर्टानं निवडणूक रोखे रद्द केले. सहा वर्षं या रोख्यांतून कुणी कुठल्या पक्षाला किती दिलं हे मतदाराला कळायची सोय नव्हती. मार्चमध्ये याद्या जाहीर झाल्या. मी मोबाइलवर मोठ्यानं आकडे वाचत होतो, नव्वदी ओलांडलेली आजी ऐकत होती. तिनं एवढंच विचारलं, "पैसा कोना शे?"

त्या दिवाळीत माळ्यावरच्या ट्रंकेत आबांची कच्ची वही सापडली. रकमा सुवाच्य, बेरजा बिनचूक. नावांच्या जागी मात्र प्रत्येक ओळीत आबांनी शाईची टिंबं दिली होती, कुठं तीन, कुठं पाच.