नाव नसलेला निन्टेंडो

गेमची कॅसेट म्हणायचो आपण तिला. तिच्यात टेप नव्हती, फिरणारी चाकं नव्हती. पिवळ्या किंवा काळ्या प्लास्टिकच्या आत एक छोटं सर्किट बोर्ड आणि त्याच्या एका कडेला चकचकीत पट्ट्यांची रांग, एवढाच ऐवज. इंग्रजीत तिला कार्ट्रिज म्हणतात हे पुढे यूट्यूबने शिकवलं आणि तेव्हापासून आमच्या पिढीतले बरेच जण 'कॅसेट' म्हणताना थोडे ओशाळतात. ओशाळायचं काही कारण नाही. जपानी मुलंही तिला 'कासेत्तो'च म्हणत. आपला शब्द तिकडून आला असं मी म्हणत नाही. टेपरेकॉर्डरच्या काळात खाचेत घालायच्या डबीला कॅसेट म्हणणं दोन्हीकडे साहजिक होतं. पण ती कॅसेट आणि ती ज्यात बसायची ते यंत्र, दोन्हींचा साचा खरोखरच जपानी होता. माळ्यावर एखादी सापडली तर पिना मोजून बघा. ६० भरतील. अमेरिकेत विकल्या गेलेल्या निन्टेंडोच्या कार्ट्रिजला ७२ असतात.

यंत्र तर सगळ्यांना आठवत असेल. दोन रिमोट (कंट्रोलर हा शब्दही नंतरचा), एक बंदूक, एक अडॅप्टर, टीव्हीला लावायची वायर आणि '९९९९ इन १' असं छापलेली कॅसेट. खेळण्यांच्या दुकानात मिळायचं, जत्रेत मिळायचं, वार्षिक परीक्षेत बरे मार्क पडले तर घरात यायचं. काही मॉडेलं बाहेरून हुबेहूब प्लेस्टेशनसारखी दिसायची. सीडीसाठी असावं तसं गोल झाकण उघडायचं आणि आत सीडीच्या जागी कॅसेटची खाच असायची! डब्यावरचं नाव दर दुकानात वेगळं. निन्टेंडो हे नाव मात्र कुठेच नाही. आम्ही मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट सगळं खेळलो आणि ते कोणी बनवलं याचा पत्ता आम्हाला लागला नाही.

तो पत्ता क्योतो शहरातला. १९८१ साली निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांनी मासायुकी उएमुरा या आपल्या इंजिनिअरला रात्री फोन केला आणि सांगितलं, की आर्केडमधले गेम घरच्या टीव्हीवर खेळता येतील असं यंत्र बनवा, कॅसेट बदलता येणारं. उएमुरा पुढे मुलाखतींमध्ये सांगत, की साहेब प्यायलेले असतील असं त्यांना वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं की साहेब गंभीर आहेत. शिवाय अट होती: स्वस्त हवं.

'स्वस्त' या एका शब्दाने पुढचं सगळं ठरवलं. सध्याच्या भाषेत सांगायचं तर रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये ती एकच ओळ महत्त्वाची होती. रिमोटच्या वायरी यंत्रालाच कायमच्या जोडल्या, कारण त्यामुळे प्लग-सॉकेटचे पैसे वाचत होते. मेंदूसाठी नवी चिप शोधली नाही. रिको या कंपनीने ६५०२ नावाच्या प्रोसेसरचा गाभा सुचवला. ही चिप १९७५ सालची. मॉस टेक्नॉलॉजी या अमेरिकन कंपनीत चक पेडल आणि मंडळींनी ती बनवली आणि २५ डॉलरला विकली, तेव्हा स्पर्धकांच्या चिप शंभर डॉलरच्या कितीतरी वर होत्या. अ‍ॅपल २ त्याच चिपवर चालला, अटारीचा घरगुती गेमही तिच्याच धाकट्या भावंडावर. म्हणजे फॅमिकॉम १५ जुलै १९८३ रोजी १४,८०० येनला बाजारात आला तेव्हा त्याच्या मेंदूची रचना आठ वर्षं जुनी होती. घड्याळ १.७९ मेगाहर्ट्झचं. प्रोग्रामला वापरायला रॅम २ केबी, म्हणजे २०४८ बाइट. मी ऑफिसात ज्या ॲपवर काम करतो त्यातलं एक आयकॉन एवढ्या जागेत मावत नाही.

या २ केबीवर जी माणसं गेम लिहीत होती त्यांच्याबद्दल मला आदराच्याही पलीकडचं काहीतरी वाटतं. १९८५चा सुपर मारिओ ब्रदर्स सगळा मिळून ४० केबीचा आहे: ३२ प्रोग्राम, ८ चित्रं. व्हॉट्सॲपवर येणारा सुप्रभातचा फोटो याहून मोठा असतो. जागा वाचवायला काय केलंय बघा. वरचे पांढरे ढग आणि खालची हिरवी झुडपं हे एकच चित्र आहे, फक्त रंग बदललेत. शंभरदा ते गेम खेळलेल्या माणसाला हे सांगा, त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

स्वस्त आणि जुन्या मालाचा एक परिणाम मात्र निन्टेंडोच्या हिशेबात नव्हता. जे स्वस्तात बनवता येतं ते दुसऱ्यालाही स्वस्तात बनवता येतं. त्यातून १९८३च्या फॅमिकॉमला कुलूपच नव्हतं. साठ पिनांत बसेल ती कोणाचीही कॅसेट चालायची. दोन वर्षांनी अमेरिकेत यंत्र नेताना कंपनीने चूक दुरुस्त केली. तिथे १९८३ साली गेमचा बाजार कोसळलेला होता, दुकानदार 'व्हिडिओ गेम' हे शब्द ऐकायलाही तयार नव्हते, म्हणून यंत्राला व्हीसीआरसारखा करडा चौकोनी अवतार दिला, पिना बदलल्या आणि आत एक कुलूपाची चिप बसवली. कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप नसेल तर यंत्र सुरूच होत नसे. नक्कल करणाऱ्यांनी साहजिकच हा अमेरिकन अवतार सोडून बिनकुलपाचा जपानी अवतार उचलला. आपल्याकडच्या कॅसेटला ६० पिना आहेत त्या म्हणून.

तैवानच्या यूएमसी कंपनीने फॅमिकॉमच्या दोन मुख्य चिपच्या नकला बनवल्या. नंतर कोणीतरी सगळं यंत्रच एका चिपवर आणलं. कॉलेजात असताना मी असा एक बंद पडलेला डबा उघडला होता. केवढा मोठा डबा, आणि आत जवळजवळ पोकळी! मधोमध पोस्टकार्डापेक्षा लहान बोर्ड, त्यावर डांबराचा थेंब पडावा तसा काळा गोळा. त्या गोळ्याखाली उएमुरांच्या टीमचं सगळं काम होतं. बाकीचं प्लास्टिक फक्त प्लेस्टेशनसारखं दिसण्यासाठी.

हा काळा गोळा जिथे गेला तिथे त्याला स्थानिक नाव मिळालं. सोव्हिएत संघ कोसळल्यावर रशियात १९९२ साली स्टीपलर कंपनीने त्याला 'डेंडी' म्हणून विकलं, डब्यावर हत्तीचं कार्टून लावून. रशियात गेम खेळणं म्हणजेच डेंडी खेळणं असं समीकरण झालं. पोलंडमध्ये तो 'पेगासस' झाला. चीनमध्ये 'शियाओबावांग'ने त्याला कीबोर्ड जोडला आणि अभ्यासाचं यंत्र म्हणून विकलं. जाहिरातीत चक्क जॅकी चॅन. आईबाबांना 'हे शिकण्यासाठी आहे' असं पटवायची युक्ती आपल्याकडेही आली. कीबोर्डवाले 'टीव्ही कॉम्प्युटर' आठवतात ना? टायपिंगचा एक गेम दाखवायला, बाकी सगळा मारिओ. गंमत म्हणजे काहींनी ते खरंच मनावर घेतलं. २००८ साली एमआयटीमधल्या एका कार्यशाळेत डेरेक लोमस आणि त्याचे सहकारी भारतात मिळणारा असला १२ डॉलरचा कॉम्प्युटर घेऊन बसले आणि त्यावर मुलांसाठी शिकायचे गेम बनवता येतील का हे बघू लागले. त्यातून प्लेपॉवर हा प्रकल्प निघाला. १९७५ची चिप, २००८ची कार्यशाळा.

याला चोरी म्हणायची का? मी सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो, त्यामुळे हा प्रश्न मला टाळता येत नाही. यंत्राच्या नकलेबद्दल मी फार हळवा नाही. पेटंट वीस वर्षांनी संपतात, आणि २००३नंतर आपल्या गल्लीत विकल्या गेलेल्या डब्यांच्या बाबतीत तो वाद तसाही शिळा झाला होता. कॅसेटचं तसं नाही. आतले गेम उघड उघड उचललेले होते. '९९९९ इन १'मध्ये खरे वेगळे गेम मोजकेच. बाकी तोच गेम तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारा, तोच गेम जास्त जिवांचा, आणि प्रत्येकाला नवीन नाव. प्रोग्रामर म्हणून सांगतो, सुरुवातीला मेमरीतले एकदोन आकडे बदलले की झाला 'नवा' गेम.

मला खरा सल आहे तो नावांचा. नक्कल करणारे गेमच्या पहिल्या स्क्रीनवरून कंपनीचं नाव आणि कॉपीराइटची ओळ बऱ्याचदा पुसून टाकत. आणि त्याआधी मूळ जपानी कंपन्यांनीही तेच केलं होतं! आपली माणसं दुसऱ्या कंपनीने पळवू नयेत म्हणून कॅपकॉमसारख्या कंपन्या शेवटच्या श्रेयनामावलीत टोपणनावं घालायला लावत. म्हणजे मूळ कंपनीने माणसाचं नाव झाकलं, नक्कल करणाऱ्याने कंपनीचं. कॉन्ट्रात तीस जीव मिळवायचा 'वर वर खाली खाली डावीकडे उजवीकडे' हा मंत्र आमच्या वाड्यात तोंडी चालत आलेला होता, कोणी कोणाला शिकवला सांगता येणार नाही. तो काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाने लिहिला. १९८६मध्ये ग्रेडियस हा गेम फॅमिकॉमवर आणताना त्याला स्वतःलाच तो तपासण्यासाठी पूर्ण खेळता येईना, म्हणून त्याने ही चोरवाट ठेवली आणि ती आत राहून गेली. २०२०च्या फेब्रुवारीत तो वारला. त्याच्या बातमीखाली जगभरातून लोकांनी बटणांचा तो क्रम लिहून श्रद्धांजली वाहिली. उएमुरा २०२१च्या डिसेंबरात गेले.

उएमुरांची गोष्ट सांगितली की बंदुकीची सांगावी लागते. ते आधी शार्प कंपनीत होते आणि प्रकाश ओळखणारे सेल विकायला निन्टेंडोत येत. त्यातूनच निन्टेंडोच्या प्रकाशावर चालणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका निघाल्या आणि पुढे उएमुरा तिथेच नोकरीला लागले. डक हंटची बंदूक त्याच घराण्यातली. आपल्याला वाटायचं बंदुकीतून काहीतरी सुटतं आणि टीव्हीवर आदळतं. उलट आहे. बंदूक म्हणजे एक डोळा. चाप ओढला की स्क्रीन एका फ्रेमपुरती पूर्ण काळी होते, पुढच्या फ्रेमला बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक फक्त बघते: आधी अंधार, मग उजेड दिसला का? दिसला तर बदक पडलं. आधीचा अंधार कशासाठी, तर कोणी बल्बवर नेम धरून फसवू नये म्हणून. (टीव्हीला बंदूक टेकवून मारणाऱ्यांवर मात्र उपाय नव्हता.) हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेलं. फ्लॅट टीव्ही चित्र दाखवायला किंचित उशीर लावतो, त्याचा उजेडही ट्यूबसारखा लुकलुकत नाही, त्यामुळे बंदूक तिथे आंधळी. घराघरांतला ट्यूबवाला टीव्ही भंगारवाल्याने नेला तेव्हा डक हंटही त्याच्याबरोबर गेला.

असं नाहीसं होणं आपल्यापुरतं नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३मध्ये मोजदाद केली, तर अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज विकतच मिळत नाहीत. त्याच वर्षी निन्टेंडोने आपल्या दोन जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद केली. तरी अमेरिकन, जपानी गेमना निदान मोजायला कोणीतरी आहे. व्हिडिओ गेमच्या इतिहासाची पुस्तकं साधारण एकाच वळणाची असतात: अटारी आला, बाजार बुडाला, निन्टेंडोने वाचवला, मग सेगा, मग सोनी. त्यात जत्रेतला डबा येत नाही. आपल्याकडच्या कॅसेटवर कुठले गेम होते, कुठल्या गावात कुठल्या नावाने विकले गेले, ते तासावर भाड्याने देणारी दुकानं कशी चालायची, याची नोंद मराठीत कोणी केलेली मला तरी दिसलेली नाही. ज्यांनी ही दुकानं चालवली ती माणसं आता पन्नाशीच्या पुढची असतील. त्यांना विचारायला हवं, लवकर.

हौशी लोकांनी मात्र एक बारीक गोष्ट जपून ठेवली आहे. जपान-अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, आपला पाल पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. मारिओचा गेम प्रत्येक चित्राबरोबर एक पाऊल पुढे सरकतो, म्हणून ५०वर तो सहाव्या हिश्श्याने हळू होतो. अधिकृत युरोपीय निन्टेंडोमध्ये प्रोसेसरही बराच मंद होता, त्यामुळे जपानी गेम त्यावर कधी कधी अडखळत. यूएमसीच्या पालवाल्या चिपने चतुराई केली: चित्रं ५०च, पण प्रोसेसरचा वेग मूळ यंत्राच्या अगदी जवळ, १.७७ मेगाहर्ट्झ. त्यामुळे तिच्यावर मारिओच्या गाण्याचा सूर जवळजवळ तोच राहतो आणि लय तेवढी संथ होते.

आज कॉम्प्युटरवर हे गेम चालवणारा एफसीईयूएक्स नावाचा एम्युलेटर आहे. त्याच्या सेटिंगमध्ये प्रदेश निवडायला तीन पर्याय दिसतात. एनटीएससी, म्हणजे जपान आणि अमेरिका. पाल, म्हणजे युरोप. तिसरा, डेंडी. यूट्यूबवर ऐकलेला मारिओ तुम्हाला उगाच घाईत असल्यासारखा वाटला असेल, तर तिसरा निवडून बघा.