पर्यायी ट्रान्झिस्टर : क्रमांकांमागचा इतिहास

विज्ञान प्रदर्शनासाठी विद्यार्थी पाण्याची टाकी भरल्याची सूचना देणारा परिपथ जोडतो. पुस्तकातील आकृतीत ‘एसएल १००’ ट्रान्झिस्टर असतो. जळगाव किंवा धुळ्याच्या दुकानात तो मिळाला नाही, तर दुकानदार ‘हा लावा, चालेल’ म्हणून दुसराच हाती ठेवतो. परिपथ चालत नाही आणि विद्यार्थ्याला वाटते, हा विषय आपल्याला जमणारा नाही. खरे तर ‘कोणाच्या जागी कोण चालेल?’ हा प्रश्न आपल्या देशातील हौशी इलेक्ट्रॉनिक्सइतकाच जुना आहे. त्याचा इतिहास पाहिला की उत्तर शोधण्याची रीतही सापडते.

डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत बार्डीन आणि ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखविला. तो जर्मेनियमचा होता. पुढे युरोपात ‘ओसी ७१’सारखे ट्रान्झिस्टर आले. हे नाव निर्वात नळ्यांच्या पद्धतीवरून घेतलेले होते : ‘ओ’ म्हणजे तापविण्याची तार नाही, आणि ‘सी’ म्हणजे ट्रायोड. त्याच्या काचेच्या आवरणावर काळा रंग असे. हौशी मंडळी तो खरवडून त्याचा प्रकाशाला प्रतिसाद देणारा ट्रान्झिस्टर करीत!

भारतात १९५४ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६२ मध्ये जर्मेनियमचे अर्धवाहक घटक बनविण्यास सुरुवात केली. १९६४ मध्ये दिल्लीची कॉन्टिनेन्टल डिव्हाइस ही कंपनी सुरू झाली आणि तिने सिलिकॉनचे घटक बनविले. तरीही अडचण संपली नाही. परदेशी मासिकांतील आकृत्यांत अमेरिकी ‘२एन’ आणि जपानी ‘२एस’ मालिकांचे क्रमांक असत, आयातीवर निर्बंध होते आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जे मिळेल त्यातच भागवावे लागे. खानदेशातील हौशी माणसाला तर तेही टपालाने किंवा मुंबईला जाणाऱ्या कोणाकडून तरी मागवावे लागे. मागविलेला घटक बदलून घेणे सोपे नव्हते. म्हणून पर्यायांच्या तक्त्यांची पुस्तके जपून ठेवली जात.

१९६६ मध्ये युरोपात प्रो-इलेक्ट्रॉन ही नोंदणी संस्था निघाली आणि नावांना अर्थ आला. पहिले अक्षर ‘ए’ म्हणजे जर्मेनियम, ‘बी’ म्हणजे सिलिकॉन; दुसरे अक्षर ‘सी’ म्हणजे कमी शक्तीचा, श्राव्य कंप्रतेसाठीचा. बीसी १०७, बीसी १४७ आणि बीसी ५४७ यांची आवरणे वेगळी, पण विद्युत गुणधर्म जवळजवळ सारखे. तिघेही ४५ व्होल्ट सहन करतात. शेवटचा आकडा ८ असेल, तर व्होल्टची मर्यादा कमी. मागे ए, बी, सी ही अक्षरे प्रवर्धनाचे गट दाखवितात : ११० ते २२०, २०० ते ४५० आणि ४२० ते ८००.

जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन लावताना मात्र केवळ तक्ता पुरत नाही. जर्मेनियमचा बेस-एमिटर जोड सुमारे ०.२ व्होल्टला वाहू लागतो, सिलिकॉनचा ०.६ व्होल्टला. जुन्या रेडिओतील एसी १२८ काढून तिथे एसके १०० बसविला, तर दोन्ही पीएनपी असूनही बेसचे रोध बदलावे लागतात. नाहीतर आवाज फाटका येतो किंवा येतच नाही. पण या बदलाचा खानदेशात एक मोठा लाभ आहे. जर्मेनियममधील गळती प्रवाह दर १० अंश सेल्सियसला सुमारे दुप्पट होतो. प्रयोगशाळेत २५ अंशांना जो आहे, तो मे महिन्यात भुसावळच्या ४५ अंशांना चौपट! सिलिकॉनमध्येही गळती वाढते, पण मुळातच ती कित्येक पटींनी कमी असल्याने त्रास होत नाही.

तेव्हा पर्याय निवडताना क्रमांकाला नव्हे, परिपथाला प्रश्न विचारावेत. प्रकार एनपीएन की पीएनपी? पदार्थ कोणता? व्होल्ट, प्रवाह आणि शक्ती यांच्या मर्यादा पुरेशा आहेत का? प्रवर्धन आणि कंप्रता यांची गरज किती? १२ व्होल्टच्या रिलेचे वेटोळे ४०० ओहमचे असेल, तर प्रवाह ३० मिलिअँपिअर. तिथे १०० मिलिअँपिअर मर्यादेचा बीसी ५४७ चालतो. वेटोळे १२० ओहमचे असेल, तर प्रवाह नेमका मर्यादेवर जातो. तिथे एसएल १०० किंवा २एन २२१९ हवा.

शेवटचा प्रश्न पायांचा, आणि बहुतेक घोटाळा इथेच होतो. सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरून डावीकडून पाहिल्यास बीसी ५४७ चे पाय कलेक्टर, बेस, एमिटर असे येतात. २एन ३९०४ चे एमिटर, बेस, कलेक्टर. तर २एससी १८१५ चे एमिटर, कलेक्टर, बेस. गुणधर्म जुळले तरी पाय जुळतीलच असे नाही.

शिक्षकांनी प्रयोगशाळेच्या कपाटातील जुने ट्रान्झिस्टर बाहेर काढावेत आणि विद्यार्थ्यांकडून या प्रश्नांची उत्तरे प्रत्येकासमोर लिहून घ्यावीत. असा तक्ता भिंतीवर लागला, की दुकानदाराने ‘चालेल’ म्हटल्यावर विद्यार्थी ‘का चालेल?’ असे विचारू शकेल.