मुलकी आणि मतदार

हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरी मिळवायची, तर माणूस आधी 'मुलकी' ठरावा लागे. १९१९ च्या निजामी फर्मानाने त्याची कलमे घालून दिली होती. जन्माने मुलकी नसलेल्याने संस्थानात पंधरा वर्षे कायम वास्तव्य केलेले असावे, आणि मूळ गावी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर करावे. गौलीगुड्याला लागून असलेल्या जामबागेत १९०७ पासून विवेकवर्धिनी शाळा उभी आहे. या परिसरातल्या मराठी कुटुंबांना त्या दाखल्याची किंमत वेगळी सांगायला नको.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि माणसाला दुसरी ओळख मिळाली, ती मतदाराची. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने वयाची एकवीस वर्षे आणि मतदारसंघात एकशे ऐंशी दिवसांचे वास्तव्य, एवढेच मागितले. नोकरीला पंधरा वर्षे, मताला सहा महिने! पहिल्या निवडणुकीनंतर मार्च १९५२ मध्ये बुर्गुल रामकृष्णराव मुख्यमंत्री झाले आणि त्याच वर्षी सप्टेंबरात शहरात मुलकी आंदोलन पेटले, गोळीबार झाला. मताने सर्वांना सारखे केले होते, नोकरीने नव्हे.

कायदा एक असला तरी त्याचा अंमल प्रांतोप्रांती निराळा झाला. पहिल्या यादीच्या वेळी अनेक स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितले नाही, 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले. अशा सुमारे अठ्ठावीस लाख स्त्रिया यादीबाहेर राहिल्या. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या होत्या. जम्मू-काश्मीरमध्ये तर २०१९ पर्यंत विधानसभेचे मत फक्त तिथल्या 'कायम रहिवाशा'लाच होते, इतरांना लोकसभेपुरते. एका अर्थी ती तिथली मुलकीच. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा; नॉर्थ डकोटात तर मतदार नोंदणीच नाही. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेची यादी एकाच निवडणूक आयोगाच्या देखरेखीखाली होते, ही घटनाकारांची दूरदृष्टी म्हटली पाहिजे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी संस्थानाचे तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात गेला, हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात राहिले. आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा व किनवट तालुके आणि बोथ तालुक्यातले इस्लापूर मंडळ मुंबईकडे आले. मुलकी नियम मात्र तेलंगणात चालूच राहिले. ऑक्टोबर १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवले आणि १९७३ मध्ये संसदेने ते रद्द केले.

नकाशावरच्या या रेघेचा खरा ताण आजही जिवती तालुक्यात दिसतो. चंद्रपूरच्या या टोकाला परंडोली, मुकदमगुडा, महाराजगुडा, अंतापूर अशी चौदा गावे आहेत. महाराष्ट्र ती आपली म्हणतो, तेलंगणाचे केरामेरी मंडळही आपली म्हणते. दोन्हीकडची शाळा, दोन्हीकडचे रेशन, आणि पुष्कळांकडे दोन्हीकडची मतदार ओळखपत्रे. कायद्याच्या सतराव्या कलमाप्रमाणे एका माणसाचे नाव दोन मतदारसंघांत असता कामा नये. ११ एप्रिल २०१९ ला दोन्हीकडचे मतदान एकाच दिवशी होते. २०२४ ला मात्र चंद्रपूरचे १९ एप्रिलला आणि आदिलाबादचे १३ मेला झाले, म्हणजे एकीकडची शाई फिकट व्हायला पुरेसा अवधी.

या लोकांना लबाड म्हणणे सोपे आहे. पण एका यादीतले नाव काढायला गेले, तर उद्या गाव त्याच राज्याकडे गेल्यावर कसत असलेली जमीन, रेशन, घरकुल यांचे काय? ज्यांच्या पायाखालच्या जमिनीचा मालकी हक्क अजून पक्का नाही, ते हातातला एकही कागद कसा सोडतील?

मुलकीच्या नियमाने माणसाला विचारले होते, 'तू परत जाणार नाहीस ना?' मतदार यादी विचारते, 'तू राहतोस कुठे?' दुसरा प्रश्न अधिक माणुसकीचा आहे. चौदा गावांतल्या माणसांना त्याचे उत्तर ठाऊक आहे. आपल्या गावात राहतो, एवढेच. ते गाव कोणत्या राज्यात आहे, हे मात्र दोन राज्यांनी बसून सांगायचे आहे.