उटण्याआधी तेल होतं

दिवाळी जवळ आली की आमच्या गटातल्या बायका एकत्र बसून घरापुरतं उटणं करतात. त्यात दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "ताई, मला साबणही झोंबतो आणि उटणंही. मग तोंड धुवायचं कशानं?" उत्तर शोधताना आम्हाला बरंच मागं जावं लागलं.

उटणं हा शब्द संस्कृतातल्या 'उद्वर्तन' या शब्दावरून आलाय. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांत रोजची दिनचर्या दिलेली आहे. त्यात आधी अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल, मग उद्वर्तन आणि मग स्नान. हा क्रम महत्त्वाचा आहे. चिकटलेला तेलकट मळ आधी तेलात सुटतो, मग डाळीचं पीठ ते तेल आणि मळ दोन्ही टिपून घेतं. पीठ फिरतं ते तेलावरून, त्यामुळे कातडी घासली जात नाही. दिवाळीच्या पहाटे आपण अजून हाच क्रम पाळतो. बाळाला न्हाऊ घालणारी आजीही आधी तेल जिरवते, मग दुधात कालवलेलं पीठ लावते.

मग साबण आला. 1888 साली विलायतेहून सनलाइट साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. तो कपड्यांचा साबण होता. मागून अंगाचे साबणही आले. साबणात जनावराची चरबी असते म्हणून कितीतरी घरांत तो शिवत नसत. मुंबईच्या अर्देशीर गोदरेज यांनी 1918 च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढला, तेव्हा ती अडचण सरली. 1934 मध्ये लिव्हर कंपनीचा कारखाना मुंबईत शिवडीला सुरू झाला. पुढं साबणाची वडी खेड्यातल्या दुकानातही मिळू लागली.

साबणाला आम्ही नावं ठेवणार नाही. हात धुवायला साबणच हवा, त्यानं कितीतरी लेकरांची हगवण टळलीय. पण चेहऱ्याचं गणित वेगळं आहे. माती परीक्षणाच्या कागदावर 'सामू' लिहिलेला असतो ना, तोच सामू कातडीलाही असतो. निरोगी कातडीचा सामू साधारण 5, म्हणजे किंचित आंबट. साबणाच्या वडीचा 9 ते 10. साबण मळाबरोबर कातडीचं स्वतःचं तेलही नेतो. धडधाकट कातडी ते काही वेळात भरून काढते, नाजूक कातडी मात्र ओढते, लाल होते, खाजते. साबण आला आणि आधीचं तेल लावणं सुटलं, खरं नुकसान तिथं झालं असं आम्हाला वाटतं.

मग जुनं उटणं चांगलं का? सगळंच नाही. आंबेहळद, कपूरकचरी, नागरमोथा, वाळा हा सगळा सणाचा थाट, वासासाठी घातलेला. नाजूक कातडीला झोंबतो तो बहुतेक हाच मसाला, आणि जाडसर दळण. आता तर पुडीत वरून अत्तरही असतं. लिंबू आणि खायचा सोडा तर चेहऱ्याला लावूच नका. लिंबाचा सामू 2 च्या आसपास, सोड्याचा 8 च्या वर, दोन्ही दोन टोकांना. आणि उटण्यानं कुणी गोरं होत नाही. व्हायची गरजही नाही.

म्हणून गटात आम्ही मसाला काढून टाकला आणि क्रम तेवढा ठेवला. मसूर डाळ निवडून, कोरड्या फडक्यानं पुसून बारीक दळायची आणि मलमलच्या कपड्यातून दोनदा गाळायची. वर उरलेला रवा टाकू नका, पिठल्यात चालतो. तोंड धुताना आधी खोबरेल तेलाचे दोन-तीन थेंब बोटांनी हलके फिरवा. मुरमं असतील तर तेल वगळा. मग चमचाभर पीठ दुधात सैल कालवून लावा. चोळू नका आणि वाळूही देऊ नका, वाळलेलं पीठ काढतानाच कातडी घासते. लगेच कोमट पाण्यानं धुवा, टॉवेलनं टिपा.

पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून धुवा आणि एक दिवस थांबा. खाज किंवा पुरळ आली तर ते तुमच्यासाठी नाही. कातडी फुटलेली, चिघळलेली असेल, बाळाला इसब असेल, तर डाळीचं पीठही नको. फुटलेल्या कातडीतून खाण्याच्या पदार्थाचीही अ‍ॅलर्जी जडू शकते. तिथं डॉक्टरच.

कालवलेलं उरलं तर टाकून द्या, ते नासतं. कोरडं पीठ घट्ट झाकणाच्या डब्यात, ओला चमचा न घालता ठेवा. काही गटांनी विचारलंय, हे विकायचं का? सौंदर्यप्रसाधन बनवून विकायला परवाना लागतो, दिवाळीच्या उटण्यालाही. तो मिळेपर्यंत आमचा डबा घरापुरताच.