टी म्हणजे महापद्म

क्रिप्टोचं कुठलंही ॲप उघडा, आकड्यांना शेपट्या फुटलेल्या दिसतात: 45के, 3.2एम, 18बी, 1.1टी. सरावलेला माणूस मनातल्या मनात हिशेब करून मोकळा होतो. एम म्हणजे दहा लाख, बी म्हणजे शंभर कोटी, टी म्हणजे एक लाख कोटी. व्यवहाराला तेवढं पुरतं. पण या अक्षरांचं कूळ शोधायला गेलं, तर भलतेच नातेवाईक निघतात.

'के' मूळचा ग्रीक. तिकडे हजाराला 'खिलिओई' म्हणत; 1795 मध्ये फ्रान्सने मेट्रिक मापं ठरवताना त्याचा 'किलो' केला. वाण्याकडचा किलो आणि बिटकॉइनच्या भावातला के सख्खे भाऊच. 'एम'चं प्रकरण भानगडीचं आहे. लॅटिनमध्ये 'मिले' म्हणजे हजार, रोमन अंकांतला एमही हजारच. इटालियनांनी त्याला थोरपणाचा प्रत्यय लावून 'मिलिओने' केलं, म्हणजे थोरला हजार. म्हणून जुन्या वळणाचे वित्तवाले दशलक्षासाठी अजूनही एमएम लिहितात, हजार गुणिले हजार. जाहिरातवाल्यांच्या 'सीपीएम'मधला, म्हणजे दर हजारी खर्चातला, एम हजाराचाच. शिवाय एम लहान लिपीत काढला की तो 'मिली' होतो: एक 'एमबीटीसी' म्हणजे बिटकॉइनचा हजारावा हिस्सा. दशलक्ष बिटकॉइन समजून कोणी हुरळला, तर त्याचं तो जाणे. मुळात जगात बिटकॉइन निघणार तेच जास्तीत जास्त 2 कोटी 10 लाख.

'बी' सगळ्यांत बेभरवशाचा. निकोला शुके या फ्रेंच गणित्याच्या 1484 च्या हस्तलिखितात बिलियनला बारा शून्यं आहेत. अमेरिकेत ती नऊ झाली, आणि ब्रिटिश सरकारनेही 1974 मध्ये नऊच मान्य केली. जर्मन माणसाचा 'बिलिओन' मात्र आजही बारा शून्यांचा. वर तिथल्या हिशेबनिसांचा 'टी' म्हणजे 'टाउझंट', निव्वळ हजार!

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (1150) असला घोळ नाही. एकंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानं, प्रत्येकाला स्वतंत्र नाव. अब्ज म्हणजे पाण्यात जन्मलेलं, कमळ. तो आजचा बी. महापद्म, थोरलं कमळ, तो टी. हिंदीतला 'अरब' याच यादीतल्या, अब्जाच्या आधीच्या स्थानाच्या, अर्बुदावरून आला, पण येताना एक शून्य जास्त घेऊन आला. मराठीने अब्ज तेवढा जपला. त्यापुढची नावं पाठांतरापुरती उरली आणि वर्तमानपत्रांत 'लाख कोटी' अशी जोडगोळी रूढ झाली.

गंमत म्हणजे, ती अडगळीतली नावं क्रिप्टोला नेमकी बसतात. 2020 मध्ये शिबा इनू नावाचं नाणं निघालं, ते एकावर पंधरा शून्यं इतक्या संख्येने: बरोबर एक अंत्य. त्यातली निम्मी नाणी इथेरियम या क्रिप्टो-जाळ्याचे सहसंस्थापक व्हितालिक ब्युटेरिन यांना न मागता मिळाली. मे 2021 मध्ये त्यांनी भारतातल्या कोविड मदतनिधीला 50 ट्रिलियन देऊन टाकली, म्हणजे पाच शंकू. इथेरियमचं स्वतःचं नाणं इथर; त्याचा सर्वांत लहान तुकडा 'वेई', संगणकतज्ज्ञ वेई दाय यांच्या नावाचा. एका इथरमध्ये असे दहा परार्ध वेई. व्यवहाराचं शुल्क, ज्याला तिथे 'गॅस' म्हणतात, ते मात्र 'ग्वेई'त मोजतात. ग्वेई म्हणजे गिगा-वेई, एक अब्ज वेई. हा गिगा ग्रीक 'गिगास'वरून आलेला, आणि गिगास म्हणजे राक्षस.