१४. ‘सामान्यतः रहिवासी’
लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० नुसार (कलमे १९ व २०) मतदारयादीत नाव येण्याची अट. इनामगावच्या शिवारात फडाशेजारी कोप्या घालून राहिलेली, मजकुरातली बीडकडची ऊसतोड मजुरांची टोळी याच अटीमुळे आपल्या गावची मतदार राहते. तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास तुटत नाही. नाव शाबूत, मत मात्र पडत नाही: २०२४ मध्ये गाळप हंगाम १५ नोव्हेंबरला सुरू झाला आणि विधानसभेचे मतदान २० तारखेला होते. मग इनामगावातच नाव नोंदवावे, हा आक्षेप कागदावर ठीक. पण नोंदणी एका वेळी एकाच ठिकाणी चालते (कलमे १७ व १८) आणि ऊस तुटला की टोळी पुढच्या गावी. मतदाराने स्वतः केंद्रावर न येता मत देण्यात गैरप्रकाराची भीती खरी, तरी संसदेने २००३ मध्ये सैनिकांना प्रतिनिधीमार्फत मत देण्याची मुभा दिलीच. २०१८ मध्ये लोकसभेने परदेशस्थ भारतीयांसाठीही तसे विधेयक संमत केले (राज्यसभेची मंजुरी न मिळाल्याने ते २०१९ मध्ये बारगळले). दुबईतल्या मतदाराची सोय त्यात होती, देशातल्या देशात कोयता घेऊन फिरणाऱ्याची नव्हती. अशा स्थलांतरितांसाठीचे दूरस्थ मतदानयंत्र निवडणूक आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे मांडले. बहुतेक विरोधी पक्षांनी त्याला हरकत घेतली.