लशीची पारख : तुपाच्या थेंबापासून लेसरपर्यंत
सीलबंद कुपीत खरी लस आहे की नुसते पाणी, हे कुपी न फोडता सांगणारी लेसरची रीत चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या शोधावर उभी आहे. हे रामन १९१० मध्ये नागपुरात होते, पण शास्त्रज्ञ म्हणून नव्हे, तर भारत सरकारच्या वित्त विभागातले अधिकारी म्हणून. रंगूनहून त्यांची इथे बदली झाली आणि वर्ष भरायच्या आत, १९११ मध्ये, ते कलकत्त्याला परतले. त्यांचा शोध पुढे तिथेच लागला. नागपूरचा त्यावर हक्क नाही, पण या इतिहासात शहराचे नाव येते ते असे.

लस उजेडात धरून पारखण्याची चाल मात्र त्याहूनही जुनी आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरला, तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करायला घेतली. मांसाच्या रश्शाने भरलेल्या चंबूत वर तुपाचे थेंब तरंगत ठेवले जात. काही दिवसांत त्या थेंबांखालून, गुहेच्या छतावरून लोंबावेत तसे, जंतूंचे पांढरे धागे उतरत. चंबू हलवला की ते गळून तळाशी बसत आणि नवे धागे लोंबू लागत. ही वाढ प्लेगच्या जंतूची खूण मानली जाई. मग उष्णता देऊन जंतू मारले जात आणि कार्बोलिक आम्ल घातले जाई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस आधी स्वतःला टोचून घेतली.

डोळ्यांच्या अंदाजाला माप मिळाले ते १९०७ मध्ये. अमेरिकेतील जोसेफ मॅकफार्लंड यांनी कमीअधिक गढूळ द्रव भरलेल्या नळ्यांची मालिका बनवली. जंतूंचा द्रव तिच्याशी ताडून त्यातली जंतूंची संख्या अजमावता येऊ लागली. तरी गढूळपणावरून कळे ते ‘किती’. ‘काय’ ते कळत नसे.

ते उत्तर रामन यांच्या २८ फेब्रुवारी १९२८ च्या शोधात होते. पदार्थावर एकाच रंगाचा प्रकाश सोडला, तर विखुरलेल्या प्रकाशाचा अगदी अल्प अंश रंग बदलून बाहेर पडतो. हा बदल रेणूच्या बांधणीवर ठरतो. साखरेचा वेगळा, अल्कोहोलचा वेगळा. रामन यांना १९३० मध्ये नोबेल मिळाले. लशीच्या कुपीपर्यंत ही विद्या पोहोचायला मात्र अनेक दशके लागली, कारण कुपीची काच स्वतःच प्रकाश विखुरते आणि आतल्या द्रवाची क्षीण खूण झाकून टाकते. एका बिंदूवर लेसर सोडून थोड्या अंतरावरचा प्रकाश टिपायचा, म्हणजे काचेचा गोंगाट कमी होतो, ही युक्ती इंग्लंडच्या रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेत २००५ च्या सुमारास पुढे आली.

तिची निकड कोविडने दाखवली. ऑगस्ट २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बनावट कोविशिल्ड लशीबद्दल इशारा दिला. भारतात सापडलेल्या कुप्या २ मिलीलीटरच्या होत्या. ही लस बनवणारी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट त्या मापाची कुपी काढतच नव्हती. त्यानंतर ऑक्सफर्डच्या संशोधकांनी हातात मावणाऱ्या यंत्राने बंद कुपीतली खरी लस आणि नकली द्रव वेगळे ओळखून दाखवले.

हे यंत्र प्रामुख्याने ओळखते ते लशीतले सहघटक. कोविशिल्डमध्ये सुक्रोज, हिस्टिडिन, इथेनॉल असे पदार्थ असतात, आणि कुपीत नुसते मिठाचे पाणी भरले असेल तर या खुणा दिसत नाहीत. लशीचा मुख्य अंश इतका थोडा असतो की तो या प्रकाशात जवळपास हरवतो.

ग्रामीण रुग्णालयांना अशा यंत्राची गरज किती आहे, हे नागपूर जिल्ह्याने औषधांच्या बाबतीत अनुभवले आहे. तिथल्या एका सरकारी रुग्णालयातून २०२३ च्या मार्चमध्ये घेतलेल्या प्रतिजैविकाच्या गोळ्यांत औषधच नव्हते, आणि तसा अहवाल हाती आला तो डिसेंबरमध्ये. इतके महिने रुग्णाला थांबता येत नाही. खऱ्याखोट्याचा पहिला निवाडा रुग्णालयाच्या दारातच व्हायला हवा.

लस जोमदार आहे का, हे मात्र लेसर सांगत नाही. त्यासाठी कसौलीची केंद्रीय प्रयोगशाळा आहे, आणि २०२१ मध्ये कोविड लशींच्या तपासणीसाठी पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रालाही मान्यता मिळाली. कुपीला वाटेत उष्णता लागली का, हे आजही परिचारिका लेबलावरचा छोटा चौकोन बघून ठरवते. तो भोवतालच्या वर्तुळाइतका गडद झाला असेल, तर ती कुपी वापरत नाहीत.